आधी कार्ड की आधी नेट?

संगणकाविषयी लिहायचे तर ते विज्ञान शाखेच्या मित्राने लिहावे, असा आपल्या कला शाखेत एक सोयीचा समज आहे. मीही त्याच समजात सुखी होतो. पण यंदा फडावर जाण्यापूर्वी आई-अण्णांनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून पैसे काढून मला जुना लॅपटॉप घेऊन दिला, आणि ते कारखान्याकडे निघून गेले. केज तालुक्यातल्या आमच्या घरी मी, आजी आणि ते यंत्र एवढेच उरलो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला, आणि विंडोज ११ या यंत्राला पेलेना. म्हणून एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकू लागलो. आतले वायफाय मेलेले होते, तेव्हा यूएसबीचे छोटे कार्ड खोचले. भाषा मराठी निवडली; पडद्यावर आपली अक्षरे पाहून ऊर भरून आला. पण थोड्याच वेळात यंत्र अडले. कार्डाला फर्मवेअर हवे! अशी पुष्कळ कार्डे स्वतःची आज्ञावली पोटात बाळगत नाहीत, ती दर वेळी संगणकाने पुरवावी लागते. ती कोठे मिळेल? इंटरनेटवर. आणि इंटरनेट कशाने येईल? याच कार्डाने!

एका दुकानदाराने कार्ड बोटांत फिरवून 'जळालंय, दुसरं घ्या' असा निकाल दिला. घेतले असते तर उचलीतलेच पैसे गेले असते. कार्ड धडधाकट होते. शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले, तर यंत्राने फोनलाच तारेचे नेटवर्क कार्ड मानले आणि काम पुढे सरकले.

पुढे आणखी एक घोळ मी स्वतःच घातला. नेटवर्कच्या फाइलीत कार्डापुढे 'ऑटो' लिहिले. त्यामुळे यंत्र सुरू होतानाच कार्ड शोधी आणि ते खोचलेले नसले की चूक दाखवी. काढघाल होणाऱ्या कार्डाला 'अलाउ-हॉटप्लग' लिहावे लागते, म्हणजे कार्ड दिसेल तेव्हा जोडणी होते.

माझे म्हणणे असे की, फर्मवेअर स्थापनेच्या संचातच हवे. डेबियनच्या सभासदांनी २०२२ साली मतदान करून हेच ठरवले आणि १० जून २०२३ ला आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. माझ्या मित्राचा पेनड्राइव्ह अकराव्या आवृत्तीचा होता, हे माझे नशीब! बंद आज्ञावली कोणाला तपासता येत नाही, म्हणून मुक्त प्रणालीत ती नको, असे म्हणणारे होते आणि आहेत. त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण तो आक्षेप पाळण्याची किंमत ज्याच्या घरी दुसरा संगणक नाही त्याने का मोजावी? ज्याला तत्त्व पाळायचे आहे त्याने फर्मवेअर नाकारावे. तशी सोय ठेवलेलीच आहे.

आपल्या ग्रंथालयाने नव्या आवृत्तीचे दोन पेनड्राइव्ह पुस्तकांसारखे नोंद करून द्यावेत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. सोबत ठेवायला दोन पानी मराठी टिपण मी लिहून दिले आहे. मित्राच्या पेनड्राइव्हवर चिठ्ठी डकवली: 'अकरावी आवृत्ती. फोनची केबल जवळ ठेवा.'

त्या रात्री फडावरून आईचा फोन आला. तिने पहिलेच विचारले, "पेटी चालली का रे?"