दसऱ्यानंतर घराला कुलूप, कोठी रिकामी: बीडमध्ये वर्षाचं धान्य घरात का उरत नाही?

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर मनोज जरांगे यांचा मेळावा झाला. मराठा आरक्षणाबरोबरच तिथे अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना मदत द्या, अशीही मागणी झाली. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली होती. अनेक घरांत पाणी शिरलं आणि साठवलेलं धान्यही भिजलं.

पाच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकड्यावरून बरीच चर्चा झाली. एका साध्या प्रश्नाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: पीक गेलं, तर बीडमधल्या घरात किती दिवसांचं खायला असतं?

आधी हिशोब पाहू

गावाकडे माणशी महिन्याला साधारण १० किलो धान्य लागतं. म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्याला ५० किलो, वर्षाला सहा क्विंटल. पूरग्रस्त कुटुंबांना तातडीची मदत म्हणून १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ देण्यात आले. अशा घरात ते जेमतेम १२ दिवस पुरतात. पुढचं घरातल्या साठ्यातून किंवा दुकानातून आणायचं.

पूर्वी काय होतं?

मराठवाड्यात ज्वारी-बाजरी साठवायच्या तीन मुख्य पद्धती होत्या. तुराट्यांची किंवा बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली कणगी. वाड्याच्या भिंतीत बांधलेलं बळद. आणि जमिनीत खोल खणलेलं पेव. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. ते उघडल्यावर आतला कोंडलेला वायू जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही, कारण त्यानं जीव जायचा.

पण हे सुख सगळ्यांचं नव्हतं. पेव असायचं ते मोठ्या शेतकऱ्याचं. भूमिहीन माणूस पावसाळ्यात त्याच्याकडून सवाई-दिढीनं धान्य घ्यायचा, म्हणजे एक पोतं नेलं तर सुगीत सव्वा किंवा दीड पोतं परत. तरी मजुरी, बलुतं, सालगड्याचं साल यांचा मोठा भाग धान्यातच मिळायचा. त्यामुळे गरिबाच्या घरातही थोडी ज्वारी असायची.

१९७२ च्या दुष्काळात हा आधारही तुटला. लोकांनी खडी फोडली, परदेशातून आलेला लाल मिलो आणि सुकडी खाल्ली. जुनी माणसं आजही सांगतात, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता. २०१६ मध्ये उलटं झालं: दुकानात दाणा होता, पण लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

मग कणगी गेली कुठे?

पहिलं कारण पीक. ज्वारी-बाजरीच्या रानात सोयाबीन आणि कापूस आला. शेतकऱ्याचं यात चुकलं असं नाही. सोयाबीन साडेतीन-चार महिन्यांत निघतं आणि थेट पैसे होतात. ज्वारीला पाखरांची राखण लागते, काढणीला मजूर मिळत नाहीत. पण सोयाबीन घरात ठेवून खाता येत नाही. ते विकायचं आणि त्या पैशानं धान्य आणायचं. पीक गेलं की पैसा आणि भाकरी एकाच दिवशी जातात.

दुसरं कारण मजुरी. आता ती रोख मिळते.

तिसरं कारण रेशनमधला बदल. मराठवाड्यातले सगळे आठ आणि विदर्भातले सहा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनं मिळायचं. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी खात्यात माणशी १५० रुपये देण्याचं ठरलं, पुढे ते १७० झाले. २०२५-२६ चा मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. त्या भावानं १७० रुपयांत साडेचार किलो ज्वारी येते. फरक थोडा वाटेल. पण भाव वाढला तर १७० रुपये आपोआप वाढत नाहीत. आणि खात्यातला पैसा खत, दवाखाना, हप्ता यांतही जातो. घरात आलेलं पोतं मात्र चुलीपर्यंतच जातं.

अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, तेही २०२३ पासून मोफत. हा मोठा आधार आहे. पण ५ किलो म्हणजे गरजेच्या निम्मंच.

ऊसतोडीला गेलेल्यांचं काय?

दसरा-दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल आधीच घेतलेली, ती बहुतेक जुन्या देण्यात संपलेली. पाच-सहा महिने मुक्काम कोपीवर. सोबत नेलेलं पीठ-धान्य संपलं की कारखान्याजवळच्या दुकानातून उधारीवर किराणा घ्यावा लागतो.

इथे एक हक्क उपयोगी पडतो. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत प्राधान्य आणि अंत्योदय कार्डवाल्यांना आधार पडताळणीवर कुठल्याही रेशन दुकानातून, परराज्यातही, धान्य घेता येतं. घरचा काही वाटा गावी राहिलेल्या आई-वडिलांनी आणि उरलेला फडावर गेलेल्यांनी असंही घेता येतं. निघण्यापूर्वी सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे ना, एवढं नक्की तपासा.

घरात साठा करायचा तर कसा?

- एकदम वर्षाचं जमत नसेल तर आधी एका महिन्याचं धान्य बाजूला काढा, मग तीन महिन्यांचं. सुगीत भाव उतरलेले असताना घ्या.
- दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. ओलसर धान्याला हमखास कीड लागते.
- पत्र्याची कोठी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. नदीकाठी घर असेल तर माळ्यावर किंवा उंच ओट्यावर ठेवा.
- कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डाळी-कडधान्यांना थोडं तेल चोळा किंवा राख लावा.
- कीड मारायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. त्यांच्या वायूनं माणसं दगावतात.
- जुनं आधी खा, नवं मागे ठेवा.
- पुरात भिजून बुरशी आलेलं धान्य धुऊन-वाळवून खाण्याजोगं होत नाही. पंचनाम्यासाठी फोटो काढा आणि टाकून द्या.

ज्यांच्याकडे एकर-दोन एकर आहे, त्यांनी त्यातला एक कोपरा ज्वारी-बाजरीला ठेवला तरी घरचं खाणं बाजारावरून थोडं सुटतं. ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांची कोठी मात्र रेशन आणि मजुरीवरच भरणार. म्हणून पुढच्या वेळी पॅकेजचा आकडा ऐकलात तर एक प्रश्न जरूर विचारा: यातून पाच माणसांच्या घरात किती महिन्यांचं धान्य येईल?