खड्ड्यांचा हिशेब कोण ठेवणार?

कंधारचे नाव घेताच राष्ट्रकूटांचे वैभव, भुईकोट किल्ला आणि ‘जगत्तुंग समुद्र’ हा विस्तीर्ण तलाव डोळ्यांसमोर उभा राहतो. हजार वर्षांपूर्वीही येथे दगड फुटला, खंदक खोदले गेले. परंतु त्या राज्यकर्त्यांनी दगडासोबत पाण्याचाही विचार केला. आजच्या दगडखाणी व मुरूम-उत्खननामागे मात्र उभ्या कड्यांचे बेवारस खड्डे उरतात. गुरे त्यात पडतात, पोहायला गेलेली मुले परत येत नाहीत. रस्त्यांना, घरांना खडी हवीच. प्रश्न तिच्या किमतीचा आहे, आणि ती किमत गावाने का मोजावी, याचा आहे.

कायदा याबाबत मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. 8 जानेवारी 2020 च्या आदेशात तर खाणकाम संपल्यावर त्या क्षेत्रात पुन्हा गवत, चारा व वनस्पती वाढतील अशी स्थिती निर्माण करण्याची अट खाणपट्ट्यात घालावी, असे शासनास बजावले. आदेश स्पष्ट आहे. पण अट पाळली गेली का, हे पाहायचे कोणी?

उजाड खाणभूमी पुन्हा हिरवी होते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड व उपयुक्त जिवाणू वापरून कडुनिंब, शिसव, साग यांची झाडे वाढविली. मराठवाड्यात साखर कारखान्यांची वाण नाही. म्हणजे औषध दाराशी आहे, वैद्यही ठाऊक आहे. उणीव आहे ती रुग्णाची नाडी नियमितपणे पाहण्याची.

वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्र निघते, फलक लागतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेथे काटक्या उरतात. पुनर्भरण म्हणजे लावलेल्या रोपांची संख्या नव्हे. तीन वर्षांनी किती रोपे जगली, वेगळी राखलेली सुपीक माती परत पसरली का, मातीत सेंद्रिय अंश वाढला का, उतार पायऱ्यापायऱ्यांचे झाले का, पहिल्या पावसात गाळ नाल्यात उतरतो का, शेजारच्या विहिरींची पातळी काय सांगते, या प्रश्नांची उत्तरे वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि भर उन्हाळ्यात, नोंदविली गेली पाहिजेत. कोळशाच्या मोठ्या खुल्या खाणींचे पुनर्भरण रांचीची ‘सीएमपीडीआय’ 2008 पासून उपग्रहाद्वारे तपासते. आकाशातून चंद्रपूरची खाण दिसते, तर तहसील कचेरीतून गावाशेजारचा खड्डा का दिसू नये? स्वामित्वधनासाठी निघालेल्या दगडाची मोजणी होते; सावरलेल्या भूमीची मोजणीही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

पैशाचे कारण येथे पुढे करता येणार नाही. 2015 च्या कायदादुरुस्तीनुसार स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या निधीत पर्यावरणसंवर्धनास अग्रक्रम आहे. तथापि सारे शासनावर सोपवून समाजाने हात झटकणेही योग्य नाही. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातील बंद खाणींची नोंदवही ठेवावी, मंजुरीपत्रातील अटी वाचून घ्याव्यात, शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी झाडे मोजावीत, विहिरींची पातळी टिपावी. खाणमालकाला मुदतवाढ देताना ती नोंदवही अधिकाऱ्याच्या टेबलावर असली, तर अटींना अर्थ येईल.

भूमीला आपण माता म्हणतो. मातेच्या अंगावरची जखम उघडी टाकून तिचा जयजयकार करणाऱ्या पुत्रांना इतिहास क्षमा करीत नाही. जगत्तुंग समुद्र बांधणाऱ्यांची आठवण शिलालेखाने जपली. आपली आठवण खड्ड्यांनी जपावी, की त्यांवर उभ्या राहिलेल्या सावलीने, हे ठरविण्याची वेळ आली आहे.