अंगावर काढलेले दुखणे

कोकणातल्या थळ गावच्या किनाऱ्यावर होडी लागली की मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांपैकी कुणाचे ‘अंग बाहेर येते’, हे बहुधा तिच्या घरातही ठाऊक नसते. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीत उतरते. जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ यांनी ते वाढते. पाळी गेल्यावर आणखी. बाळंत झालेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांत तपासणीत थोडेफार उतरलेले आढळते. त्रास त्यांतल्या थोड्यांनाच जाणवतो, आणि बोलतात त्याहून कमी.

हे मौन केवढे, ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत मोजले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या पाहणीत ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची! कोकणातल्या बायका वेगळ्या असतील, असे मानायला कारण नाही.

अंग बाहेर येण्यावर सुरुवातीला स्नायूंचे व्यायाम पुरतात, पुढे योनीत बसवायची रिंग असते. पिशवी काढणे हा एकच मार्ग नाही. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय राखून करायच्या शस्त्रक्रिया दशकांपूर्वीच दिल्या. आशा स्वयंसेविकांनी बाळंतिणीच्या भेटीत ‘अंग बाहेर येते का’ हा प्रश्न स्वतःहून विचारावा. जिल्हा आरोग्य यंत्रणेने थळसारख्या गावांत स्त्री-डॉक्टरांची तपासणी नेमाने ठेवावी, ती मासळीबाजाराची वेळ सोडून.