आधी खरं सांगा, मग हात पुढे करा

रक्तदान शिबिरातले प्रश्न कमी करा, असा आग्रह एका उत्साही संयोजकाने नुकताच धरला आहे. अर्ज पाहून तरुण बिचकतात, परत पाठवलेला माणूस पुन्हा फिरकत नाही आणि रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासतेच, मग दात्याला आधी काही माहीत कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. तपासणी होते, हे खरं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाचांसाठी प्रत्येक रक्त तपासावंच लागतं. पण संसर्ग झाल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, रक्तात विषाणू असूनही चाचणी त्याला पकडत नाही. हाच विंडो पीरियड. चाचणी आधुनिक असेल तर हा काळ कमी होतो, शून्य होत नाही. या काळात रुग्णाचं रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दात्याचं खरं उत्तर. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. त्याच्यासाठी प्रत्येक पिशवी नवी जोखीम असते. मित्रांसमोर लाज वाटली म्हणून कुणी ‘नाही’वर खूण केली, तर तिची किंमत ते मूल मोजणार. संयोजकांच्या हिशेबात हे मूल कुठेच दिसत नाही!

हा वाद जुनाच आहे. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८च्या जानेवारीपासून बंदी आली, तेव्हाही ‘आता रक्त कुठून आणणार?’ अशी ओरड झाली होती. बंदीमागचं कारण साधं होतं: पैशाची गरज असलेला माणूस आजार लपवतो. हेल्मेट आणि बॅगांचं आमिष दाखवणारी मंडळं तोच मोह मागच्या दाराने आत आणतात.

परत पाठवणं हा अपमान नाही. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन १२.५च्या खाली निघालं, तर तिला उपचाराची गरज आहे हे तिथेच कळतं. आणि अर्जाला बिचकणाऱ्याला समजावून सांगा, अर्ज फाडू नका.

मग दात्याने करायचं काय? वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो हवं. आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवस झालेले हवेत. रात्री पुरेशी झोप घ्या, जेवून या, भरपूर पाणी प्या. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर दुसरा दिवस निवडा. वर्षभरात टॅटू काढला असेल, चालू औषधं असतील, कावीळ होऊन गेली असेल, तर डॉक्टरांना सांगा. रक्त दिल्यावर लगेच उठून पळू नका.

संयोजकांनीही जयंतीच्या एकाच दिवशी पिशव्यांचा ढीग लावू नये. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच. मे महिन्यातल्या रुग्णाला फेब्रुवारीतला विक्रम उपयोगी पडत नाही. शिबिरं वर्षभर विभागून घ्या. आणि फलकावर जमलेल्या पिशव्यांच्या आकड्याशेजारी, खरं सांगून परत गेलेल्यांचा आकडाही तेवढ्याच अभिमानाने लिहा.