लिहिलेला आकडा, मोजलेला आकडा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटात डोकावण्याची उठाठेव कशाला करावी, असे माझे मित्र विचारतात. त्यांना मी एका दुरुस्तीची हकिगत सांगतो.

यू.एस.बी.च्या खाचेत बसवून संगणकाला नेटवर्कची तार जोडता येते, असे एक लहानसे उपकरण असते. त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. आलेल्या माहितीची पॅकेटे उपकरण गठ्ठ्याने पाठवते आणि प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी त्याची लांबी लिहिलेली असते. २०१० साली लिनक्समध्ये दाखल झालेला ‘एसएमएससी ७५एक्सएक्स’ हा ड्रायव्हर हा आकडा ९,०२६ बाइटांच्या कमाल मर्यादेत आहे ना, एवढेच पाही. तेवढा माल खरोखर हाती आला आहे काय, हे मात्र तो तपासत नसे. आकडा फुगलेला असला, तर मेमरीत शेजारी पडलेली भलतीच माहिती त्या पॅकेटाबरोबर पुढे जाऊ शके. ती कोणाची खाजगी माहितीही असू शकेल!

२०२३ मध्ये दुरुस्ती झाली ती अवघ्या काही ओळींची: लिहिलेली लांबी आलेल्या मालापेक्षा जास्त असेल, तर पॅकेट घेऊ नये. पण तेवढ्याने भागले नाही. सदोष म्हणून टाकून द्यायच्या पॅकेटांना ही तपासणी लागतच नव्हती, आणि तेथे सारी यंत्रणाच कोलमडण्याचा धोका होता. म्हणून त्याच वर्षी तपासणी आणखी अलीकडे, अगदी दारातच आणावी लागली.

हिशेबतपासनीस व्हाउचर पाहतो ते याचसाठी. रक्कम मर्यादेत बसते म्हणून खरी ठरत नाही. मग आपण काय करतो? गेल्या स्नेहसंमेलनात शंभर खुर्च्यांच्या बिलावर मी सही केली. रक्कम अंदाजपत्रकात बसत होती. खुर्च्या किती आल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. पैसा मात्र तुमच्या-आमच्या वर्गणीचा होता. मोजायला गेलो तर समोरच्याला अविश्वास वाटेल, असा संकोच मला झाला होता.

हा संकोच खोटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रायव्हरची चूक तेरा वर्षे राहिली, ती त्या उपकरणाच्या शब्दावर सारे विसंबून राहिल्यामुळेच. मोजून घेण्यात कोणाचा अपमान नाही. प्रामाणिक दुकानदार तर स्वतःच म्हणतो, “पैसे मोजून घ्या.” यंदा खुर्च्या उतरतील तेव्हा मी दारातच उभा राहून मोजणार आहे.