गोवा कॅन्सल, उत्तन फायनल!

गोव्याचा प्लॅन ही आपल्या पिढीची राष्ट्रीय संपत्ती आहे. 'दिल चाहता है' आला २००१ साली. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपकडे एक गोव्याचा प्लॅन असतोच असतो आणि तो कध्धीच होत नाही. कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या घरी सासू येते, कुणी 'टेंटेटिव्ह येस' म्हणतं (म्हणजे 'नाही', हे एव्हाना तुम्हालाही कळलं असेलच). आमचा प्लॅन इतका जुना आहे की त्याला शाळेत घातलं असतं तर आता दहावीला असता.

गेल्या डिसेंबरात मात्र तो होणारच होता. कारण आमचा जर्सीवाला येणार होता. हा प्राणी माझ्याच बिल्डिंगमधला, सिल्व्हर पार्कचा. कॉलेजपर्यंत आम्ही एकाच शेअर रिक्षातून स्टेशनला जायचो. मग तो ऑनसाइट गेला आणि तिकडचाच झाला. आता न्यू जर्सीत एडिसनला राहतो, जिथे म्हणे पार्ल्यापेक्षा जास्त मराठी ऐकू येतं.

तर तो आला. दोन आठवड्यांसाठी. पण फिरायला नाही, घर विकायला.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. काकू एकट्या. ताई पुण्यात, मुलगा तिकडे. फोनवर 'मी मजेत आहे रे' म्हणणाऱ्या आईचा आवाज किती मजेत आहे, हे न कळण्याइतका आमचा मित्र माठ नाही. शेवटी काकूंनी ताईकडे जायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं आणि रजिस्ट्रेशनची तारीख पडली सोमवारची. काकांनी हे वन बीएचके घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, "मीरा रोड? इतक्या लांब?" आता त्याच नातेवाइकांच्या मुलांना तिथलं भाडं परवडत नाही, पण ते असो.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं त्या घरात जमलो. गोवा अर्थातच रद्द झाला होता. बँकवाल्याला इयर-एंड, आर्किटेक्ट मॅडमची साइट व्हिजिट आणि विमानाची तिकिटं बघून माझे फिरलेले डोळे. सोफा आदल्या दिवशी गेला होता. भिंतीवर फ्रिजच्या आकाराचा पांढरा चौकोन. चौघंही फरशीवर बसलो होतो आणि कुणालाच काही बोलायला सुचत नव्हतं. तेवढ्यात बँकवाला म्हणाला, "बीचच बघायचाय ना? मग उत्तनला चला की!"

दहा मिनिटांत दोन स्कूटर खाली. एवढ्या फास्ट आम्ही फायर ड्रिललाही उतरत नाही. काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अरे, येताना सुके बोंबील आणा. पुण्यात धड मिळत नाहीत!"

मीरा रोडकरांनो, खरं सांगा, तुम्ही उत्तनला शेवटचे कधी गेलात? आपल्याच महापालिकेच्या हद्दीत समुद्र आहे, हे आपल्याला पाहुणे आल्यावर आठवतं. सिल्व्हर पार्कहून निघायचं, गोल्डन नेस्ट, मग पूल ओलांडून भाईंदर पश्चिम. मेट्रोचे खांब आणि दुमजली पूल बघून जर्सीवाला मागच्या सीटवरून सारखा विचारत होता, "हे काय आहे? हे कधी झालं?" शेवटी मीच म्हटलं, गप बस, तुझा काय गाइड आहे मी?

मिठागरं लागली तसा तो गप्प झाला. मुर्धा, राई, मोर्वा. बैठी घरं, नारळ, दारात ख्रिसमसचे कागदी तारे. डोंगरीनंतर हवाच बदलते. आधी वास येतो, मग समुद्र. तो वास म्हणजे सुकत घातलेले बोंबील! बांबूच्या उंच मांडवांना इथे वलांडी म्हणतात. त्यांवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले, ओळीच्या ओळी. बोंबील पकडतात डोल जाळ्यात. जाळं पाण्यात घट्ट बांधून ठेवायचं आणि वाहत्या पाण्याबरोबर मासा आपोआप आत येतो. त्यामुळे होडी कधी सुटणार हे घड्याळ नाही, भरती-ओहोटी ठरवते. आमच्या बॉसला एकदा इथे आणलं पाहिजे.

चौकच्या टोकाला धारावीचा किल्ला. झोपडपट्टीवाली धारावी नव्हे हो! १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा घेतला, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून दिसतं. आज फारसं काही उरलेलं नाही, पण पलीकडे वसई बघत उभं राहायला मस्त वाटतं. आर्किटेक्ट मॅडमनी दगडांवर एक लेक्चर दिलं. ते मी इथे छापत नाही.

मग वेलंकनी चर्चजवळच्या किनाऱ्यावर येऊन बसलो. पोहायच्या भानगडीत पडू नका, खडक आहेत. पण बसायला पैसे लागत नाहीत. हे मी म्हटलं तर जर्सीवाला हसत सुटला. त्याच्याकडे म्हणे बऱ्याच गावांत उन्हाळ्यात बीचवर जायला तिकीट काढावं लागतं, बॅज मिळतो. एकदा ऑगस्टमध्ये पाच मराठी पोरं पोहे खाता खाता अशीच उठली आणि तासाभरात लाँग ब्रँचला पोचली. पार्किंगचे पैसे, बॅजचे पैसे, मग लाइफगार्डच्या शिट्ट्या. "पण मज्जा आली," तो म्हणाला. "फक्त संध्याकाळ झाली आणि मी सवयीने समुद्राकडे तोंड करून बसलो. सूर्य मावळला पाठीमागे, पार्किंग लॉटमध्ये."

अटलांटिकच्या त्या काठावर सूर्य समुद्रातून उगवतो, बुडत नाही. भूगोलात शिकलो असणार. पण असं बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

सहा वाजले. डिसेंबरात सूर्य लवकर खाली येतो. त्याने फोनमध्ये बघितलं. तिकडे सकाळचे साडेसात, आत्ताच उजाडलं असणार. "माझ्या खिडकीत आत्ता हाच आहे," तो म्हणाला. कुणीच जोक मारला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता आलो की कुठे उतरायचं रे? ताईकडे जाईन, पण ते ताईचं घर." बँकवाला लगेच म्हणाला, माझ्याकडे ये. मीही म्हटलं. मॅडमही म्हणाल्या. तिघांची घरं मिळून त्या फरशीवरच्या घराची बरोबरी होणार नव्हती, हे चौघांनाही ठाऊक होतं. तरी म्हटलं.

परतताना रस्त्याच्या कडेला एका मावशींकडे बोंबील घेतले. भाव करायला मी पुढे. मावशी खमक्या! मी शंभर कमी म्हटले तर त्या मलाच म्हणाल्या, "बाय, तूच ये आनि सुकव." जर्सीवाला मात्र पाकिटात हात घालून तयार. मावशींनी त्याचे बूट बघितले आणि विचारलं, "कुठून आलास रं?"

"सिल्व्हर पार्क," तो म्हणाला. पटकन. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो उगाच बोंबील मोजायला लागला. मावशींनी मूठभर जवळा वर टाकला. फुकट. मला नाही, त्याला.

काकूंनी पिशवी उघडून वास घेतला, "चांगले आहेत, पण महाग पडले असतील," असं म्हणून अर्धे माझ्या हातात ठेवले. ते माझ्या स्कूटरच्या डिकीत रविवारभर तसेच राहिले. सोमवारी आम्ही दोघं त्याच स्कूटरवरून निबंधक कार्यालयात गेलो, काकू रिक्षाने. कागदांची फाइल डिकीत. आत फोटो, अंगठा, सह्या, सगळं झालं. घर घेणाऱ्या नव्या जोडप्यातल्या बाईंनी अॅग्रीमेंट हातात घेतलं, पानं चाळली, नाक मुरडलं आणि हळूच नवऱ्याला विचारलं, "याला मासळीचा वास येतोय का रे?"

काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खळखळून हसल्या.