पाठीवरचें घर

गेल्या ऑक्टोबर महिन्यांत आम्ही उभयतां कांहीं दिवस इंग्लंडांत पुतण्याच्या बिऱ्हाडीं होतों. एके सायंकाळीं पाहतों तों स्वयंपाकघरांतील तराजूवर मोज्यांचा जोड! त्यापूर्वीं चमचा, दोरी, औषधाची पट्टी आणि दांडी अर्धी कापलेला दांत घासण्याचा ब्रश यांचीं वजनें घेऊन चिरंजीव तीं कागदावर मांडून बसले होते. हा सारा खटाटोप दोन दिवसांच्या डोंगरी शर्यतीसाठीं होता.

ही शर्यत १९६८ सालीं यॉर्कशायर परगण्यांत प्रथम भरली, आणि तेव्हांपासून बहुधा ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारीं-रविवारीं ब्रिटनमधील निरनिराळ्या डोंगरांत भरत आली आहे. तींत जोडीजोडीनें धांवावयाचें असतें, आणि जोडीदारास मागें टाकून जातां येत नाहीं. वाट आंखलेली नसते. नकाशा व होकायंत्र यांच्या साह्यानें नेमलेल्या खुणा शोधीत जावयाचें. तंबू, निजावयाची पिशवी, स्टोव्ह, इंधन, अन्न, पावसाळी कोट व विजार, टोपी, हातमोजे, शिटी, बत्ती, सारें आपल्याच पाठीवर. त्या दिवसांत तेथें सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सुमारें चौदा तास जातात, आणि ती रात्र माळावर काढावयाची असते.

ओझें घेऊन डोंगर चढावयाचा, तेव्हां तोळा तोळा वाचवावासा वाटणें स्वाभाविक आहे. परंतु निवड केवळ वजनावरून होत नाहीं. सुती वस्त्र भिजलें कीं अंगाची ऊब ओढून घेतें. लोकर ओली झाली तरी थोडीबहुत ऊब राखते. पिसांची निजावयाची पिशवी हलकी खरी, पण भिजली कीं पिसांचे गोळे होतात, म्हणून ती दुहेरी वेष्टनांत बांधावी लागते. अन्नांतही हाच हिशेब. पिठूळ व गोड पदार्थांच्या एका ग्रॅमपासून सुमारें ४ कॅलरी मिळतात, तर तुपातेलाच्या एका ग्रॅमपासून ९. त्यामुळें आमच्या सौभाग्यवतींच्या बेसनलाडवांस खुद्द तराजूनेंच संमति दिली! पडशी भरण्याचा क्रमही ठरलेला: रात्रीं लागणारें तळाशीं, पावसाळी कोट सर्वांत वर, आणि खाऊ कमरेच्या खिशांत, कारण पडशी उतरावी लागली कीं माणूस खाणें लांबणीवर टाकतो.

वाचकभगिनींस एक नियम विशेष परिचयाचा वाटेल. रात्रीचीं कोरडीं वस्त्रें सोवळ्याप्रमाणें निराळीं ठेवावयाचीं. दिवसाच्या पावसाचा त्यांस स्पर्श होतां कामा नये. आणि पहाटे कुडकुडत तीं काढून कालचींच ओलीं पुन्हां चढवावयाचीं! येथें मोह आवरला नाहीं, तर पुढें संकटांत अंगावर घालावयास कोरडें असें कांहीं उरत नाहीं. तसेंच अडीअडचणीसाठीं कांहीं अन्न व थोडें इंधन अखेरपर्यंत शिल्लक राखावें लागतें.

तयारी एवढ्यानें संपत नाहीं. पुतण्यानें महिनाभर भरलेल्या पडशीसह धांवण्याचा सराव केला होता, आणि एका पावसाळी रात्रीं घरामागच्या अंगणांत तंबू उभारून पाहिला होता. न वापरलेली वस्तु बरोबर नेणें म्हणजे न वाचलेलें पुस्तक घेऊन परीक्षेस बसणें होय.

कोणास हा अतिरेक वाटेल. परंतु २५ ऑक्टोबर २००८ रोजीं लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशांत बॉरोडेल येथें ही शर्यत चालू असतां असें वादळ झालें कीं ती पहिल्याच दिवशीं थांबवावी लागली. सुमारें अडीच हजार धांवपटूंपैकीं शेंकडों लोकांचा रात्रीं ठावठिकाणा लागेना. वृत्तपत्रांतून एकच हलकल्लोळ झाला. पण कोणी तंबूंत, कोणी शेतकऱ्यांच्या कोठारांत रात्र काढली होती, आणि सारे जिवंत परतले. ज्याचें घर पाठीवर होतें, तो हरवलेला नव्हताच.

आमच्या घरीं वाद झाला तो एका कोटावरून. नियमापुरता पातळ कोट आणि खरोखर ऊब देणारा जाड कोट यांत दोनशें ग्रॅमांचा फरक. पुतण्या म्हणे, "काका, धांवतांना थंडी वाजतच नाहीं." आमचा मुद्दा व्याकरणाचा होता. 'भार' हा शब्द ज्या 'भृ' धातूपासून झाला, त्याचा अर्थ वाहणें तसाच पोसणें असाही आहे. आपल्यास पोसतें तें वाहावें, एवढें तराजू सांगतो. सोबत्यास काय लागेल, हें तो सांगत नाहीं. पुतण्या हंसला, आणि पटलें म्हणून नव्हे तर वादास कंटाळून त्यानें जाड कोट घेतला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओल्या दगडांवरून त्याच्या सोबत्याचा पाय मुरगळला. धांवणें थांबलें, आणि धांवणें थांबतांच थंडी भरली. तीन तास लंगडत दोघे खालीं उतरले. जाड कोट सोबत्याच्या अंगावर होता. शर्यत अर्थातच सुटली.

त्या रात्रीं आमच्या धाकट्या बंधूंनीं पुण्याहून दूरध्वनीवर विचारलें, "म्हणजे पुरी केली नाहींसच ना?" पुतण्या गप्प राहिला. आम्हीं फोन आपल्या हातीं घेतला व म्हटलें, "दोघे गेले होते, दोघे परत आले. आणखी काय पुरें व्हावयाचें?" पुतण्याच्या मुद्रेवरून मात्र त्याचें तेवढ्यानें समाधान झालेलें दिसलें नाहीं. तरुणपणीं तें होऊंही नये.

यंदा ते दोघे पुन्हां जाणार आहेत. तराजू पुन्हां ओट्यावर आला आहे, पण जाड कोट न तोलतांच पडशींत गेला, असें परवां सूनबाईनें कळविलें आहे.